एका आकाशकंदिलाची दोन हजार पाकिटे

दिवाळीच्या सुटीत मुले मोकळी असतात आणि मोकळ्या मुलांना प्रश्न पडतात. किल्ल्याला माती कुठून आणायची, भुईनळा फुसका का निघाला, नरकासुर कोण होता, या प्रश्नांच्या उत्तरांची तयारी आई-वडिलांनी परंपरेने केलेली असते. परंतु सहावी-सातवीतल्या एखाद्या चौकस मुलीने दारातल्या आकाशकंदिलाचा फोटो ई-मेलने न्यू जर्सीच्या मावशीला धाडला आणि वळून विचारले, "बाबा, हा फोटो तिकडे गेला कसा?" तर बहुतेक बाबा हातातले वर्तमानपत्र थोडे उंच धरतात. फार झाले तर "उपग्रहावरून" असे एक भारदस्त उत्तर येते. उत्तर भारदस्त आहे, पण बहुधा चूक आहे.

ज्या जाळ्यावरून घरचे वीजबिल भरले जाते, भाजीवाल्याचे पैसे दिले जातात आणि मुलांचा अभ्यासही येतो, त्या जाळ्याविषयी घरात कोणालाच काही ठाऊक नसावे, ही गोष्ट केवळ हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फसवणारा माणूस याच अज्ञानावर पोट भरतो. आणि विषय तरी कुठे अवघड आहे? आपल्याला टपाल ठाऊक आहे, वाडा ठाऊक आहे, आगगाडी ठाऊक आहे. एवढे भांडवल त्याला पुरते. तेव्हा हा लेख मोठ्यांनी वाचावा आणि मुलांना समजावून सांगावा.

फोडा आणि पाठवा

पूर्वीच्या ट्रंककॉलची आठवण वडीलधाऱ्यांना असेल. मुंबईहून नागपूरला फोन लागला की तेवढा वेळ दोघांमधली वाट त्या दोघांचीच. तुम्ही बोला, खोकला किंवा नुसते गप्प बसा. ती वाट दुसऱ्या कोणाला मिळत नसे. माणसांच्या बोलण्याला हे चालते. संगणकाचे बोलणे मात्र निराळे. तो क्षणभर भडाभडा बोलतो आणि मग बराच वेळ गप्प राहतो. त्याच्यासाठी सबंध वाट अडवून ठेवणे म्हणजे एका माणसासाठी अख्खी आगगाडी सोडण्यासारखे झाले.

१९६० नंतरच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेतील पॉल बॅरन आणि इंग्लंडातील डोनाल्ड डेव्हिस या दोघांना, एकमेकांच्या नकळत, एकच युक्ती सुचली. निरोप सबंध पाठवू नका. त्याचे लहान लहान तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता घाला आणि सर्वांच्या तुकड्यांना एकाच वाटेने मिळूनमिसळून जाऊ द्या. डेव्हिस यांनी या तुकड्याला 'पॅकेट' म्हटले. आपण त्याला पाकीट म्हणू.

आता आकाशकंदिलाचा हिशेब करू. माहितीचे माप म्हणजे बाइट. साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आपल्या देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला, म्हणजे व्यंजनाला एकदा आणि त्याच्या काना-वेलांटीला पुन्हा एकदा, सध्याच्या सर्वत्र रूढ पद्धतीत तीन-तीन बाइट लागतात. फोटो ३० लाख बाइटचा धरा. घरच्या जाळ्यावरच्या एका पाकिटात साधारणपणे १,५०० बाइटांहून अधिक माल मावत नाही. म्हणजे एका कंदिलाची निदान दोन हजार पाकिटे झाली! प्रत्येक पाकिटावर तीन गोष्टी हव्यातच: कोणाकडून, कोणाकडे आणि कितवा तुकडा.

वाडा, बिऱ्हाडे आणि पत्ता

पाकिटावरचा पत्ता आकड्यांचा असतो. त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. त्याच्या जुन्या पद्धतीत चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांमधला. असे सारे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जाळे आखणाऱ्यांना ते उदंड वाटले होते. पुढे माणशी एकेक फोन झाला आणि ते अपुरे पडले. म्हणून आता जुन्याबरोबर फार मोठ्या पत्त्यांची नवी पद्धतही चालते.

पत्त्याची रचना समजायला आपला पिनकोड पाहावा. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्यामागे होते टपालखात्यातील अधिकारी व संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृत कवीने आकड्यांची ही रचना करावी, याचा माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला थोडा अभिमान वाटतो. ४११ हे आकडे पाहताच छाननी करणारा ते पत्र पुण्याच्या थैलीत टाकतो. पुढच्या तीन आकड्यांकडे तो पाहतही नाही. ते पुण्यातल्या लोकांनी पाहायचे. आय.पी. पत्त्याचेही तसेच आहे. पहिला भाग जाळे कोणते ते सांगतो, उरलेला भाग त्या जाळ्यातले यंत्र कोणते ते सांगतो.

घरातली मौज आणखी पुढे आहे. एका घरात दोन फोन, एक संगणक आणि एक दूरचित्रवाणीसंच असतो, पण बाहेरच्या जगाला बहुधा एकच पत्ता दिसतो. जुन्या वाड्यासारखेच हे! वाड्याचा घरक्रमांक एक, आत बिऱ्हाडे सात. कोपऱ्यात दिवे लुकलुकवीत बसलेली जी लहान पेटी असते, ती या वाड्याचा दरवाजा सांभाळते. तिला राउटर म्हणतात. आतल्या यंत्रांना ती आपले खासगी क्रमांक देते. ते पुष्कळदा १९२.१६८ असे सुरू होतात. हेच क्रमांक शेजारच्या घरातही असतात, पण गोंधळ होत नाही. 'खोली नंबर पाच' प्रत्येक चाळीत असतेच की! बाहेर जाणाऱ्या पाकिटावर ही पेटी वाड्याचा पत्ता घालते आणि उत्तर आले की ते कोणत्या बिऱ्हाडाचे हे आपल्या वहीत पाहून आत पोचते करते.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. घरात "नेट गेले" अशी आरोळी उठली की प्रथम पाहावे, एकाच यंत्राचे गेले की सर्वांचे? एकाचेच असेल तर दोष त्या बिऱ्हाडात. सर्वांचे गेले असेल आणि फोन त्या पेटीला जोडलेला दिसत असेल, तर बहुधा वाड्याबाहेरचा रस्ता बंद आहे किंवा दरवाजाच अडला आहे. एवढे निदान सातवीतले मूल सहज करू शकते, आणि मग घरातल्या निरपराध यंत्रांना चापट्या खाव्या लागत नाहीत.

छाननी आणि समुद्र

पाकीट वाड्याबाहेर पडले. पुढे काय? पूर्वी रात्रीच्या आगगाडीला टपालाचा डबा असे आणि त्यात उभ्याउभ्याने पत्रांची छाननी चाले. त्या माणसाला पत्र शेवटी कोणाच्या हाती पडणार याच्याशी कर्तव्य नसे; पुढच्या कोणत्या स्टेशनावर थैली उतरवायची, एवढेच त्याला ठाऊक असावे लागे. जाळ्याच्या चौकाचौकांत मोठे राउटर बसलेले आहेत, त्यांचे काम नेमके हेच. सबंध मार्ग कोणालाच पाठ नाही. प्रत्येकाला पुढचा टप्पा माहीत आहे. एखादी वाट तुंबली वा तुटली, तर पाकिटे दुसरीकडून जातात, आणि कधी कधी सतरावे पाकीट सोळाव्याच्या आधी पोचते.

आपला फोटो थेट मावशीच्या फोनवर जात नाही हेही मुलांना सांगावे. तो आधी ई-मेलची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकात जाऊन पडतो. अशा सेवा देणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. मावशी उठली की तिचा फोन त्याच्याकडे आपले टपाल मागतो. म्हणजे फोटोची एक प्रत वाटेत राहिलेली असते. आपल्या यंत्रातून पुसले म्हणून जगातून पुसले गेले, असे होत नाही.

आणि तो उपग्रह? खंडाखंडांतील ही वाहतूक जवळजवळ सारी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून चालते. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या ठिणग्या सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने धावतात. खोल समुद्रातली ही केबल बागेला पाणी घालण्याच्या नळीएवढी जाड असते. यांतल्या कित्येक केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. मुंबईला हे नवे नाही; १८७० साली एडनहून तारायंत्राची केबल मुंबईला आली, तेव्हापासून हे शहर समुद्राखालून जगाशी बोलत आहे.

बिनतारी म्हणतो ती वाट बहुधा फोनपासून पेटीपर्यंत किंवा जवळच्या मनोऱ्यापर्यंतच. पुढे तारच. तार आली म्हणजे तुटणेही आले. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबली निकामी झाल्या आणि हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांचे काम मंदावले. कंपन्यांनी पाकिटे पूर्वेकडच्या वाटेने वळवली, म्हणून व्यवहार अगदी ठप्प झाला नाही. तुकडे करून पाठवण्याच्या युक्तीचे मोल अशा दिवशी कळते.

बोलण्याची रीत

तार आली, पत्ता आला. तरी निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या देशांतल्या यंत्रांनी एकमेकांचे ऐकायचे कसे? त्यासाठी आधी ठरलेली रीत लागते. तिला प्रोटोकॉल म्हणतात.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेतील संगणकाला पहिला निरोप धाडण्यात आला. शब्द होता 'लॉगिन'. एल पोचले, ओ पोचले आणि पलीकडचे यंत्र कोलमडले! तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला आणि तो साधला. वर्षअखेरीस त्या जाळ्यात चार ठिकाणे होती. पुढे अशी निरनिराळी जाळी झाली आणि त्यांनी आपसांत बोलावे म्हणून व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली एक सामाईक रीत मांडली. १ जानेवारी १९८३ रोजी त्या पहिल्या जाळ्याने ती स्वीकारली. आपल्याकडे शिक्षणसंस्थांचे जाळे १९८६ साली सुरू झाले आणि सर्वसामान्यांना ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली.

रीत अशी. आधी विचारायचे, "ऐकू येते का?" पलीकडून उत्तर, "येते. माझे तुम्हाला येते का?" आपण म्हणायचे, "येते, सुरू करतो." मग पाकिटे सोडायची. मिळालेल्या पाकिटांची पोच यायला हवी. पोच आली नाही, तर ते पाकीट पुन्हा धाडायचे. कंदिलाचा एकही तुकडा मावशीकडे कमी पोचत नाही, तो यामुळे.

माणसाला मात्र आकड्यांचे पत्ते पाठ होत नाहीत, नावे होतात. म्हणून नावावरून आकडा सांगणारी एक अवाढव्य वही जाळ्यातच, अनेक ठिकाणी वाटून ठेवली आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली तिची आखणी केली. २०१४ पासून '.भारत' असे देवनागरीतले नावही घेता येते. आपल्यापैकी किती जणांनी ते घेतले आहे, हा प्रश्न मी नम्रपणे विचारून ठेवतो.

उघडे कार्ड, बंद लखोटा

आता पालकांनी कान द्यावा असा भाग. पाकीट अनेकांच्या हातांतून जाते. उघड्या पोस्टकार्डावर लिहिलेले वाटेतला कोणीही वाचू शकतो. तसेच साध्या पाकिटाचेही. म्हणून मजकूर सांकेतिक करून पाठवतात, म्हणजे लखोटा बंद करतात. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असते, त्यातला शेवटचा एस हा या लाखेचा शिक्का.

परंतु शिक्का वाटेची हमी देतो, पलीकडच्या माणसाची नाही! भामट्याला लिहिलेले पत्रही बंद लखोट्यातून सुखरूप भामट्याकडेच पोचते. बँकेच्या नावासारखे दिसणारे, एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले नाव घेऊन कोणीही दुकान थाटू शकतो, आणि त्यालाही हा शिक्का मिळतो. म्हणून नाव अक्षर न् अक्षर वाचावे, फोनवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगू नये. शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्या मुलांना एका अक्षराची किंमत सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग या जाळ्यावर भरू लागले, तेव्हा कोकणात आणि सह्याद्रीच्या वाड्या-वस्त्यांवर मुले आवाज मिळावा म्हणून टेकडीवर जाऊन बसली. ज्यांच्याकडे फोनच नव्हता, ती तिथेही नव्हती. जाळे सर्वांचे म्हणतात, पण त्याचे शेवटचे टोक प्रत्येक दारापर्यंत कोणीतरी नेऊन द्यावे लागते.

सुटीतला एक खेळ

हे सारे मुलांना पाठ करायला लावू नये, खेळायला द्यावे. पाच जण पुरे. एकाने कागदाच्या पट्टीवर दिवाळीचा निरोप लिहून तिचे आठ तुकडे करावे. प्रत्येकावर 'कडून', 'कडे' आणि क्रमांक घालावा, आणि निरोपाची एक नक्कल जवळ ठेवावी. मधल्या तिघांनी राउटर व्हावे. तुकडे उलटसुलट क्रमाने, निरनिराळ्या हातांनी पुढे द्यावे. त्यांतल्या एकाने एक तुकडा गुपचूप खिशात घालावा. पाचव्याने क्रमांकाने तुकडे लावून काय आले, काय राहिले, हे चिठ्ठीवर लिहून मागे धाडावे. दुसऱ्या डावात प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतले दोन घरे पुढचे अक्षर लिहावे. म्हणजे मधले तिघे निरोप वाहतील, पण त्यांना तो वाचता येणार नाही.

पहिल्याच डावात भांडण होईल, याची खात्री बाळगावी. "मी दिला होता," असे एक म्हणेल. "मला मिळालाच नाही," असे दुसरा म्हणेल. मोठ्यांनी लगेच मध्ये पडू नये. थोड्या वेळाने मुलेच म्हणतील, की यापुढे तुकडा हाती आला की पोच द्यायची आणि पोच येईपर्यंत नक्कल फाडायची नाही. ती असे म्हणाली की त्यांना सांगावे: सर्फ आणि कान यांच्या रीतीतही नेमका हाच नियम आहे.