भित्रे कुत्रे आणि दवाखाना

विट्यातील एखादे बेवारस कुत्रे तुम्ही पाळले, तर त्याला रेबीजची लस टोचून घ्यावीच लागते. या रोगाची लक्षणे दिसू लागली, की प्राण वाचणे जवळजवळ अशक्य. पण जनावरांच्या दवाखान्याच्या दारातच ते अडून बसते. औषधांच्या, म्हशी-शेळ्यांच्या वासाने ते बावरते. शेपूट पायांत घालते, जांभया देते. ही जांभई झोपेची नव्हे, भीतीची! अशा वेळी ओढू नका. घाबरलेले कुत्रे चावते. आधी दोन-तीन दिवस, वडीलधाऱ्यांबरोबर, त्याला नुसतेच तेथवर फिरवून आणा. दारात भाकरीचा तुकडा द्या. घरी रोज त्याचे कान, पंजे हळूच हाताळा. लस टोचायच्या दिवशी त्याचे झोपायचे पोते सोबत न्या. डॉक्टरांच्या गुळगुळीत टेबलावर ते अंथरले, की पाय घसरत नाहीत आणि ओळखीचा वासही येतो.