पाचवा महिना लागलाय? चपला घाला आणि निघा!

उलट्या थांबतात, जेवणाला चव येते, चेहऱ्यावर तुकतुकी येते. तिसरा संपून चौथा लागला की बहुतेकींच्या जिवात जीव येतो. आणि नेमकं तेव्हाच घरातून फर्मान सुटतं, ‘आता जपून हं, उगाच हिंडू-फिरू नकोस.’ जपायला हवंच. पण सगळं सुरळीत असेल तर चौथा, पाचवा आणि सहावा हे तीन महिने हालचालीला सगळ्यात सोयीचे असतात. मळमळ गेलेली असते, पोट अजून आड येत नसतं. या काळात शरीर आतल्या आत काय काय उद्योग करतं, ते तर भन्नाटच आहे.

रक्त वाढतं, तरी हिमोग्लोबिन उतरतं

गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि त्यातली बरीचशी वाढ या मधल्या महिन्यांतच होते. गंमत अशी, की रक्तातला पातळ भाग झपाट्याने वाढतो आणि तांबड्या पेशी मागे राहतात. अचानक पाहुणे आले की वरणात पाणी वाढवतात, तसाच प्रकार! त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली येणं स्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही रक्तक्षयाची रेषा पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीसाठी ११ ग्रॅम, पण मधल्या तिमाहीसाठी १०.५ ग्रॅम ठेवली आहे.

म्हणून निर्धास्त राहायचं का? मुळीच नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. सरकारी दवाखान्यात मिळणारी ती लाल गोळी म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. ती चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर छान लागतं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची, दोघींचं एकमेकींशी पटत नाही. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, तो लोहाचा रंग.

एक जिना, आणि लगेच धाप?

हृदय आता मिनिटाला १० ते २० ठोके जास्त टाकतं आणि आधीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलतं. प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक श्वास खोल घ्यायला लावतं. फासळ्या बाहेरच्या बाजूला पसरतात आणि दिवस भरेपर्यंत छातीचा घेर ५ ते ७ सेंटिमीटरने वाढतो. ब्लाउज घट्ट होतात त्यात फासळ्यांचाही वाटा असतो! जिना चढताना लागणारी थोडी धाप याच सगळ्यामुळे. बसल्या जागी दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र दवाखाना गाठायचा.

१४० ठोक्यांचा नियम आला आणि गेला

१९८५ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की गरोदर बाईच्या हृदयाचे ठोके व्यायामात मिनिटाला १४०च्या वर जाऊ नयेत आणि दमवणारा व्यायाम १५ मिनिटांत आटोपावा. जगभर हा आकडा पाठ झाला. १९९४मध्ये त्याच संघटनेने हा नियम काढून टाकला. आता कसोटी सोपी आहे. चालता चालता मैत्रिणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणं म्हणता येणार नाही इतपत वेग हवा. गप्पाही मारता येत नसतील, तर वेग कमी करा.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस आठवड्याला निदान १५० मिनिटांची आहे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. नियमित हालचाल करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये या काळातला मधुमेह आणि रक्तदाबाचा त्रास कमी आढळतो. जेवणानंतरची आपली शतपावली यात चपखल बसते, कारण जेवून थोडं चाललं की रक्तातली साखर कमी चढते. पोहणं उत्तम, पाण्यात पोटाचं ओझं जाणवतच नाही. आजवर कधी व्यायाम केलाच नसेल, तर पहिले काही दिवस रोज दहा मिनिटं चाललात तरी पुष्कळ.

पाठीच्या कण्यात खास सोय

पोट पुढे येतं, तोल पुढे झुकतो, आणि तो सावरायला बाई कमरेतून मागे रेलते. या रेलण्यासाठी निसर्गाने तजवीज करून ठेवली आहे. २००७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार कमरेचा बाक पुरुषांमध्ये दोन मणक्यांवर असतो, तर स्त्रियांमध्ये तीन मणक्यांवर पसरलेला असतो. भार वाटला जातो. २० लाख वर्षांहून जुन्या, आपल्या पूर्वजांच्या कुळातल्या जीवाश्मांमध्येही हा फरक सापडला! तरी कंबर दुखते ती दुखतेच. ओट्याशी फार वेळ उभं राहावं लागलं तर एक पाय छोट्या पाटावर ठेवा, बराच आराम पडतो.

चप्पल का चावते?

पायावर सूज येते हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाऊल खरोखरच मोठं होतं, हे ठाऊक होतं का? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी ४९ स्त्रियांची पावलं गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मोजली. ६० ते ७० टक्के जणींची पावलं लांब आणि रुंद झाली होती, तळव्याची कमान खाली बसली होती आणि बाळंतपणानंतर महिने उलटले तरी बदल टिकून होता. तेव्हा एक माप मोठे, मऊ तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल आत्ताच घ्या. जोडवी आणि अंगठ्याही रुतायच्या आत उतरवून ठेवा.

रात्री पोटरीत वांब येतो, त्यावर झटपट तोड म्हणजे पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढायचा. आणि खोकताना किंवा झटकन उठताना जांघेजवळ जी खचकन चमक भरते, ती गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले गेल्याची. त्यासाठी उठायची पद्धत बदला. आधी कुशीवर वळा, गुडघे दुमडा, पाय पलंगाखाली सोडा, मग हाताच्या रेट्याने वर या. चार दिवसांत सवय होते.

उताणं झोपणं मात्र आता कमी करा. विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या नीलेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि गरगरतं. डावी कूस सगळ्यात बरी. योगवर्गातलं शवासनसुद्धा कुशीवरच करा.

टेपची जादू

तपासणीच्या दिवशी सिस्टरकडे नीट लक्ष द्या. त्या एका हाताची कड पोटावर हलके दाबत वरून खाली आणतात, गर्भाशयाचा माथा शोधतात आणि तिथपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत साधी शिंप्याची टेप लावतात. विसाव्या आठवड्याला हा माथा बेंबीच्या आसपास येतो. आणि तिथून पुढे बरेच आठवडे जितके सेंटिमीटर, साधारण तितकेच आठवडे! एवढ्या स्वस्त साधनाने बाळाची वाढ अंदाजता येते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते. दिवसभर चाललात की ती फारशी जाणवत नाही, रात्री पाठ टेकली की लगेच जाणवते. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ आवाजालाही दाद देऊ लागतं. चक्रव्यूह ऐकणाऱ्या अभिमन्यूची गोष्ट आठवली ना?

मैदानावरच्या पोटुश्या

स्वीडनच्या माग्दा युलिन यांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये गरोदर असताना फिगर स्केटिंगचं सुवर्ण जिंकलं. कॅनडाच्या क्रिस्टी मूर २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये साडेपाच महिन्यांच्या गरोदर होत्या, त्यांच्या कर्लिंग संघाला रौप्य मिळालं. अझरबैजानच्या तिरंदाज यायलागुल रमझानोवा २०२४ला पॅरिसमध्ये साडेसहा महिन्यांच्या पोटाने नेम धरत होत्या. आणि आपल्या द्रोणावल्ली हरिका! २०२२च्या चेन्नई बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये नववा महिना चालू असताना त्या पटावर बसल्या आणि भारतीय महिला संघाने कांस्यपदक मिळवलं.

तुम्ही खेळाडू नाही? २०१९च्या एका संशोधनाने हिशेब मांडला, की गरोदर शरीर विश्रांतीला लागणाऱ्या ऊर्जेच्या २.२ पट ऊर्जा रोज खर्च करतं आणि माणसाला महिनोन्‌महिने पेलणारी कमाल मर्यादा सुमारे २.५ पट आहे. म्हणजे प्रत्येक गरोदर बाई त्या मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन येते. दमायला होतं त्याबद्दल कुणाची माफी मागू नका.

दमायला होतं म्हणून ‘दोघांचं खा’ हेही खरं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त पुरतात. दोन पोळ्या, वाटीभर उसळ, थोडं दही, झालं! तसंच ‘खाली बसून फरशी पुसली की बाळंतपण सोपं जातं’ हेही. उकिडवं बसणं हा चांगला व्यायाम आहे, पण फरशी घरातला कुणीही पुसू शकतो.

गाडीत बसलात तर पट्टा लावाच. खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून घ्या, पोटावरून कधीच नको.

आता महत्त्वाचं. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा रक्तक्षय तीव्र असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम नको. चालताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, पोटात राहून राहून कळा आल्या किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागली, तर तिथेच थांबा आणि तडक दवाखान्यात जा.

आणि हे सगळं विचारायला पैसे लागत नाहीत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची तपासणी मोफत होते. येत्या ९ तारखेला जाऊन या, आणि दवाखाना जवळ असेल तर चालतच जा.