बोलके लाकूड, मुके लाकूड

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात संध्याकाळी कुठल्याही इमारतीच्या जिन्यात क्षणभर उभे राहावे. एखाद्या मजल्यावरून ‘धा धिं धिं धा’ कानी आल्यावाचून राहायचे नाही. मुलगा क्लासला जाऊ लागला, की दोन-तीन महिन्यांत घरात तबला येतोच. तीर्थरूप दुकानात जातात, पुडीवर एक अदबशीर टिचकी मारतात आणि गंभीर चेहऱ्याने विचारतात, “लाकूड कुठले?” “शिसम, साहेब!” एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होते. पण शिसवाचा आणि आंब्याचा असे दोन तुकडे त्यांच्यापुढे ठेवून ‘ओळखा’ म्हटले, तर मोठीच पंचाईत व्हायची. शिवाय खोडावर काळसर पॉलिश चढलेले असते. म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा!

निदान कल्याणकरांनी तरी या बाबतीत इतके अजाण राहू नये. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने कल्याण बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाची नोंद केली आहे. तीत तांबे आणि कापड यांच्या जोडीला लाकडाचे ओंडकेही आहेत आणि ते शिसवाचे असावेत असे विद्वान मानतात. ज्या गावाने जगाला शिसव पुरवला, त्या गावाच्या लेकरांनी आंब्याला शिसव म्हणून घरी आणावे, हे काही शोभत नाही.

वाद्याला चांगले लाकूड कोणते, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. पण तो अपुरा आहे. लाकडाकडून काम कोणते घ्यायचे, हे आधी ठरले पाहिजे. वाद्यातली काही लाकडे बोलण्यासाठी असतात, काही मुकाट्याने भार वाहण्यासाठी.

तबल्याचेच घ्या. तबल्याचा सुरेलपणा मुख्यतः कातड्याचा आणि त्यावरल्या शाईचा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली हे शास्त्रीय रीतीने दाखवून दिले, की शाईच्या भारामुळेच या चामड्यातून तारेसारखे सुसंवादी स्वर निघतात. मग खोडाचे काम काय? वाद्यांचा ताण वर्षानुवर्षे सोसायचा, गट्टे ठोकून घ्यायचे आणि स्वतः जागचे हलायचे नाही. म्हणून येथे जड, घट्ट, अबोल लाकूड हवे: शिसव, बिबळा, खैर.

तंबोऱ्याची गोष्ट उलटी. तेथे तारेचा कंप घोडीतून तबलीत उतरतो आणि तबलीने त्याला साथ द्यायची असते. ती जड असेल तर स्वर तिथेच घुसमटेल. म्हणून मिरजेचे कारागीर हलक्या तुणीच्या लाकडाला हात घालतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या कीर्तीत या बोलक्या लाकडाचाही वाटा आहे.

आणि हा नियम केवळ आपल्याच संगीताचा नव्हे. अमेरिकेतले शिकारी रानटर्कीला भुलवण्यासाठी लाकडाची लांबट पेटी वापरतात. तिच्या पातळ कडांवर खडू लावलेले झाकण घासले, की टर्कीच्या मादीसारखा आवाज निघतो. आर्कन्सॉच्या हेन्री गिब्सनने १८९७ साली अशा पेटीचे पेटंट घेतले. ती घडवणारेही कुठल्या पेटीवर कुठल्या लाकडाचे झाकण बोलेल, याचाच काथ्याकूट करीत बसतात!

आता ओळखायचे कसे? पहिली कसोटी वजनाची. एक घनफूट पाणी सुमारे २८ किलो भरते. वाळलेला खैर जवळजवळ तितकाच भरतो, शिसव २४ किलोंच्या आसपास, आंबा आणि साग १८-१९, तूण त्याहूनही कमी आणि सावंतवाडीची खेळणी ज्याची करतात तो पांगारा तर जेमतेम आठ-नऊ. मात्र एक सावधगिरी हवी. ओला आंबाही वाळलेल्या शिसवाइतका जड लागतो. तेव्हा आधी लाकूड वाळलेले आहे ना, हे पाहावे.

दुसरी कसोटी आडव्या कापाची. पॉलिशने बाजू झाकतात. म्हणून पुडी बदलायच्या वेळी आतली बाजू आणि बूड निरखावे. सागाच्या आडव्या कापावर बारीक छिद्रांची वर्तुळे दिसतात, शिसवात ती छिद्रे विखुरलेली असतात. झाडाचा मध्यबिंदूच बुडात आला असेल तर ते खोड नको म्हणावे. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच मध्याकडे आकसते. या ओढाताणीत मध्यापासून चीर पडते. कोकणातला दमट पावसाळा आणि मागून येणारा उन्हाळा ही चीर वाढवायला टपलेलेच असतात.

तिसरी कसोटी नाकाची. शिसवाचा ताजा काप मंद गोडसर दरवळतो, सागाला कमावलेल्या चामड्यासारखा तेलकट वास असतो. आणि चौथी पाण्याची, जिच्यावर मुले बेहद्द खूश होतात. बिबळ्याच्या गाभ्याचा भुसा पेलाभर पाण्यात भिजत घालून ठेवा. पाणी तपकिरी होते. पण उन्हात तिरपे धरले की त्यात निळी झाक चमकते. इतकी सोपी साक्ष दुसरे क्वचितच कुठले लाकूड देते.

मी पडलो मराठीचा मास्तर, त्यामुळे मला आणखी एक कसोटी दिसते: भाषेची. रागावलेल्या माणसाच्या डोळ्यांना आपण खैराच्या इंगळाची उपमा देतो, कारण हे घट्ट लाकूड रखरखीत, दीर्घकाळ जळते. काळ्याभोर रंगाला ‘शिसवी’ म्हणतो. ही विशेषणे कोशकाराने टेबलाशी बसून केलेली नाहीत. चुलीशी आणि रंध्याशी बसलेल्या माणसांनी ती हातात लाकूड धरून घडवली. आज शब्द तोंडी राहिले, लाकूड मात्र हातचे गेले.

आणि ते खरोखरच जाऊ शकते. शिसव सावकाश वाढतो, तोड झपाट्याने होते. २०१७ साली शिसवाच्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली, हा वादकांचा मान म्हणायचा. पण मान मिळाला की जबाबदारीही येते. दुकानातल्या ‘शिसम’ या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे गिऱ्हाईक खोट्यालाही पोसते आणि खऱ्याची किंमतही विसरते.

तेव्हा येत्या सुट्टीत ठाण्याच्या येऊरच्या जंगलात मुलांना घेऊन जा. काही तोडायचे नाही, उचलायचे नाही, नुसते पाहायचे. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन, काटेरी खैर, पापडासारख्या गोल चपट्या शेंगांचा बिबळा. झाड उभे असताना ज्याला त्याचे नाव घेता येते, त्याला आडव्या पडलेल्या लाकडाच्या बाबतीत सहसा कोणी फसवू शकत नाही.