नैर्ऋत्येचा वारा : जयगड आणि मालगुंड

गणपतीपुळ्याला सगळेच जातात. दर्शन, बीचवर फोटो, मोदक आणि परत! पण मित्रांनो, तिथून दीड-दोन किलोमीटरवर मालगुंड आहे आणि साधारण वीस किलोमीटर उत्तरेला जयगड. एक जुनं बंदर, तर दुसरं कवीचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत मी दोन्ही पाहिली, आणि दोघांना जोडणारी एक गोष्ट सापडली : नैर्ऋत्येचा वारा.

माझं घर मनोरीला. हा वारा सुटला की मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. मग जुन्या काळी गलबतं पावसाळ्यात जायची कुठे? याचं उत्तर जयगडला मिळतं. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिण बाजूला जांभ्या दगडाची टेकडी समुद्रात घुसलेली आहे. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा टेकडीच्या बाहेरच्या अंगावर आपटतात. आतली खाडी त्यामानाने शांत राहते. आज आपण करोडो रुपये खर्चून ब्रेकवॉटर बांधतो, तेच काम इथे निसर्गाने फुकट करून ठेवलंय! शिवाय भरतीच्या पाण्यावर गलबतं नदीतून आतपर्यंत माल नेऊ शकत.

अशा जागेवर ताबा हवा म्हणून किल्ला आला. सोळाव्या शतकात विजापूरकरांनी तो बांधला, पुढे संगमेश्वरचे नाईक आणि मग आंग्रे यांच्याकडे गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. बालेकिल्ला टेकडीवर आणि पडकोट खाली पाण्याला लागून, अशी दुहेरी रचना आहे. वरून टेहळणी करायची आणि खालून बंदर सांभाळायचं, एकदम सिंपल डिझाइन! जमिनीच्या बाजूने खोल खंदक आहे. खाडीपलीकडच्या तवसाळला फेरीबोट जाते. जवळच धामणखोलला २००९ मध्ये नवं खाजगी बंदर सुरू झालं, शेजारी १२०० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्रही आहे. धंदा बदलला, जागा तीच.

आता मालगुंड. कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत यांचा जन्म इथे १८६६ मध्ये झाला. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना केशवसुत म्हणजे पेपरातला पाच मार्कांचा प्रश्न! इथे मात्र ते माणूस म्हणून भेटतात. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचं जन्मघर जपलंय. स्मारकाचं उद्‌घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं. साधं कौलारू घर, जुन्या घरगुती वस्तू आणि आधुनिक मराठी कवींची माहिती देणारं दालन. इंग्रजीतलं सॉनेट त्यांनी मराठीत आणलं, तेच आपलं सुनीत.

पण त्यांचं आयुष्य या घरात गेलं नाही. पोटासाठी शिक्षकाची नोकरी करत ते मुंबई, खानदेशात फैजपूर, शेवटी धारवाड असे फिरले. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, वय अवघं एकोणचाळीस. त्यांची 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' नावाची कविता आहे. कोकणापासून दूर असताना अंगावर आलेल्या वाऱ्याशी ते बोलतात, कारण तो त्यांच्या मुलखावरून आलेला असतो. घरी जाऊन मी ती पुन्हा वाचली आणि तेव्हा ती खऱ्या अर्थाने कळली. जयगडच्या तटावर तोच वारा तोंडावर घेतलेला होता ना!

कोकणातली मुलं अजूनही शिकली की बाहेर पडतात. आमच्या बॅचमधलेही उद्या पुणे, बंगलोर, अमेरिका असे पांगतील. बंदर वाऱ्यापासून वाचवतं, आणि दूर गेलेला माणूस त्याच वाऱ्याची वाट बघतो. हे गणित कुठल्याच फॉर्म्युल्यात बसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गणपतीपुळ्याला गेलात तर एक दिवस जास्त काढा. सकाळी ऊन चढायच्या आत जयगड, दुपारी मालगुंड. आणि जाण्याआधी ती एक कविता नक्की वाचा!