अंगणातली बुलेट भंगारात घालण्याआधी

नाशिकरोडच्या नेहरूनगर-गांधीनगरमधून, सातपूर कॉलनीतून किंवा अंबडच्या कामगार वस्तीतून कधी सकाळी पायी फिरून पाहा. दहा-वीस घरांमागे एखाद्या घराच्या कडेला, जुन्या ताडपत्रीखाली, एक जडशीळ मोटारसायकल उभी असते. टायर बसलेले, टाकीवर गंज, सीटमध्ये मांजरीने पिल्ले घातलेली. विचारले की घरातली माणसे सांगतात, "वडिलांची बुलेट आहे. चालत नाही. विकायची आहे." भंगारवाला वजनावर भाव सांगतो आणि बहुधा त्याच भावाने ती जाते.

आमचे म्हणणे एवढेच, की ती देण्याआधी एक महिना थांबा. ही गाडी घरच्या घरी, सुटीच्या दिवशी, थोड्या हत्यारांवर आणि बऱ्याचशा धीरावर पुन्हा चालू होऊ शकते. का होऊ शकते आणि कशी, ते या लेखात सांगतो.

ही गाडी आली कुठून?

बुलेट मूळची इंग्लंडची. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवर गस्त घालायला भारत सरकारने ती मागवली. १९५५ साली मद्रासच्या कंपनीने इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डशी करार केला आणि एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी सुटे भाग आणून जोडणी, मग हळूहळू सगळेच इथे बनू लागले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. बिडाच्या इंजिनाची ती जुनी ३५० सीसी बुलेट थेट २०१० च्या आसपासपर्यंत निघत होती.

यात आपल्या फायद्याची गोष्ट आहे. जवळपास पन्नास वर्षे एकाच घडणीचे इंजिन निघाल्यामुळे त्याचे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, पॉइंट, पॅकिंग आजही मिळतात. म्हैसूरची येझदी १९९६ साली बंद झाली. तिच्या भागांसाठी जी वणवण करावी लागते, ती बुलेटवाल्याला सहसा करावी लागत नाही. शिवाय हे इंजिन साधे आहे. एकच सिलिंडर, ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, आत संगणक नाही की सेन्सर नाही. ज्याने सातपूर-अंबडच्या कारखान्यात फिटर किंवा टर्नर म्हणून हात काळे केले, त्याला हे इंजिन उघडल्यावर अनोळखी वाटणार नाही.

आधी कागद, मग पान्हा

पुष्कळ जण उलटे करतात. आधी रंग काढतात, क्रोम करून घेतात, हजारो रुपये घालतात आणि मग आर.टी.ओ.त गेल्यावर कळते की गाडी अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. म्हणून पहिल्या रविवारी हत्यार हातात घेऊच नका. आर.सी. पुस्तक शोधा. इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर चिंधीने पुसून पुस्तकातल्या नंबरशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासणीला नेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाची फी २०२२ साली ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,००० रुपये झाली. उशिराचा दंड वेगळा. एकूण आकडा आर.टी.ओ.तूनच काढून घ्या आणि खर्चाच्या वहीत सर्वांत वर लिहा.

गाडी वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील, तर वारसाने नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करायची असते. कायद्याने याला मुदत तीन महिन्यांची आहे. पण आपल्याकडे दुःखात कागद मागे पडतात आणि वर्षे निघून जातात. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकीच्या भावंडांची संमती हे सगळे गोळा करूनच पुढे जा. भाऊ-बहिणींची संमती आधी घेतली, तर गाडी चालू झाल्यावर घरात भांडण होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

रंग बदलायचा असेल तर तीही नोंद पुस्तकात लागते. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांनाही आता सुरक्षा नंबरपाटी बसवावी लागते. गाडीचे वय पन्नास वर्षांच्या वर असेल आणि ती मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' नोंदणीची सोय आहे. पण तिची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आपल्यासारख्या घरांनी त्या फंदात पडू नये. साधे नूतनीकरण पुरे.

एका घरातली हकीकत

नाशिकरोडच्या एका कुटुंबाने हे काम केले ते आम्ही जवळून पाहिले. त्यांच्या इच्छेवरून नाव छापत नाही. आप्पा कारखान्यातून निवृत्त फिटर. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली, सोसायटीचे कर्ज काढून. नऊ वर्षे बंद. मुलाचे म्हणणे, "आप्पा, ही विका, मी हप्त्याने नवीन घेतो." धाकटी मुलगी आय.टी.आय.ची. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही नुसते सांगा, हात मी लावते." आप्पांच्या हाताला कंप आहे, पान्हा धरवत नाही. म्हणून खुर्ची टाकून ते बसत आणि मुलगी त्यांच्या सांगण्यावर काम करी.

हत्यारे फारशी नव्हती. रिंग पान्ह्यांचा संच, दोन पेचकस, पक्कड, प्लग पाना, फिलर गेज आणि रिकामे डबे. प्रत्येक भाग काढण्याआधी मुलगी मोबाईलवर फोटो काढी. प्रत्येक डब्यावर खडूने नाव लिही. 'क्लच', 'मागचा ब्रेक', 'टॅपेट'. घरात वाईसर हरवला तर सगळ्यांची चौकशी होई. पहिल्या महिन्यात आईची कुरकुर होती, की ओट्याजवळ तेलाचा वास येतो. मग कामाची जागा मागच्या अंगणात गेली आणि आईच खर्चाची वही लिहू लागली. ते बरेच झाले. कारण मुलाने क्रोमच्या रिमांचा हट्ट धरला तेव्हा वहीच बोलली. आधी ब्रेक, टायर, वायरिंग. रंग आणि चकाकी शेवटी, पैसे उरले तर.

कामाचा क्रम

बंद गाडीला लगेच किक मारू नका. वर्षानुवर्षे उभ्या बुलेटचे तेल टाकीतून झिरपून इंजिनाच्या पोटात साठते. आधी खालचे नट सोडून सगळे जुने तेल काढा, फिल्टर बदला. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर तेल सोडा आणि किक हाताने सावकाश फिरवा. रिंगा अडकल्या असतील तर रात्रभर तसेच ठेवा. जोर लावलात तर रिंग तुटेल आणि शंभराचे काम हजारांत जाईल.

जुन्या बुलेटमध्ये वंगणाच्या जागा तीन, हे ध्यानात ठेवा. इंजिनाचे तेल वेगळे, दोन लिटरहून थोडे अधिक. क्लचच्या डब्यातले वेगळे, चारशे-सव्वाचारशे मिलीलिटर. गिअर बॉक्सचे वंगण त्याहून वेगळे. इंजिनात तेल भरले म्हणजे झाले असे समजून कित्येकांनी क्लच आणि गिअर कोरडे चालवून जाळले आहेत.

मग टाकी. आतला गंज काढायला डिझेल आणि मूठभर छोटे नट टाकून टाकी हलवावी आणि चार-पाचदा धुवावी. पेट्रोलची नळी नवीनच घाला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नाही आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करावा.

पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. हे फिलर गेजने पाहायचे, डोळ्यांनी नव्हे. टॅपेट बघायचे ते इंजिन थंड असताना, पिस्टन वर आणून. उभ्या सळ्या बोटांनी सहज फिराव्यात, पण वर-खाली खेळू नयेत. दाब तपासायची घरगुती रीत अशी, की पिस्टन दाबावर असताना किकवर हळूच भार द्यावा. चांगले इंजिन काही क्षण माणसाला तोलून धरते. लगेच खाली गेले तर वॉल्व्ह किंवा रिंगा गळतात. तेव्हाच हेड खोला. उगाच खोलू नका. बोअर करायची वेळ आली तर ते काम घरी होणार नाही. चांगल्या लेथवाल्याकडे सिलिंडर आणि नवा पिस्टन दोन्ही न्या. बोअरनंतर पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर पळवू नका.

ब्रेक उघडताना एक धोका आहे. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुफ्फुसाला वाईट. तोंडाने फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवा. काढलेले तेलही गटारात ओतू नका.

भागांसाठी पूर्वी नाशिककर अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात जात. महापालिकेने २०१७ साली तो बाजार हटवला. आता जुन्या ओळखीच्या मेस्त्रीलाच विचारावे लागते. एक दक्षता घ्या. गाडी बाहेर दुरुस्तीला दिलीत तर आतल्या भागांचे फोटो काढून द्या आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. चांगला मेस्त्री यावर रागावत नाही.

किक आणि पाय

तरुण मुले म्हणतात की बुलेटची किक पाय मोडते. ती अडाणीपणाने मारली तरच. चावी लावा. किक हलके दाबत ॲमीटरचा काटा पाहा. तो मध्यावर आला की थांबा. डावीकडचा छोटा डिकॉम्प्रेशन दांडा ओढून किक किंचित पुढे सरकवा, दांडा सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण किक. इथे ताकदीपेक्षा वेळ साधायची असते. त्या घरातली मुलगी काही दिवसांतच शिकली. भावाला अजून दोनदा मारावी लागते.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. नव्या गाड्यांची सवय असलेल्याने थेट द्वारका चौकात जाऊ नये. घाईत पाय चुकतो आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. आधी मोकळ्या मैदानात आठ दिवस सराव, मग पांडवलेणीपर्यंत, मग त्र्यंबक रस्ता. आणि हेल्मेट दोघांनाही.

सायलेन्सरबद्दल स्पष्ट सांगतो. फटाके फोडणारा सायलेन्सर लावू नका. तो बेकायदा आहे, दंड होतो आणि वस्तीतल्या आजारी माणसांना व अभ्यास करणाऱ्या मुलांना त्रास होतो. मूळ सायलेन्सरचा संथ आवाज हीच या गाडीची ओळख.

लोखंडापलीकडचे मोल

कोणी म्हणेल, एका जुन्या गाडीचे एवढे कौतुक कशाला? त्याचे उत्तर गावात मिळते. आपल्या आजोबांच्या पिढीला पाटलाच्या वाड्यापुढून पायांतले काढून जावे लागे. त्यांच्या मुलाने कारखान्यात घाम गाळून बुलेट घेतली आणि त्याच वाड्यापुढून सरळ बसून नेली, तेव्हा ती नुसती मोटारसायकल नव्हती. हे जुने झाले असे समजू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित कॉलेज विद्यार्थ्याच्या हातांवर कोयत्याने वार झाले. तो बुलेट चालवतो म्हणून हे केले, अशी फिर्याद आहे. ज्या वाहनावर बसणे आजही कुणाच्या डोळ्यांत खुपते, ते आपल्या बापाने कष्टाच्या पैशाने घेतलेले वाहन किलोच्या भावाने देताना दोनदा विचार करावा.

मात्र याचा अर्थ कर्ज काढून हौस करा असा नाही. चासीच गंजून गेली असेल, नंबर जुळत नसेल, कागद मुळीच नसतील, तर मोह सोडा. मुलांची फी, औषधपाणी आधी. गाडी दोन वर्षे लागली तरी उभी राहील. तिला घाई नाही.

त्या घरची बुलेट चौदा महिन्यांनी चालू झाली. रंग अजून जुनाच आहे, एका मडगार्डला पोचा आहे. मुलाने नव्या गाडीचा हप्ता घेतला नाही, तो ह्याच गाडीने कामावर जातो. येत्या १३ ऑक्टोबरला निफाड-विंचूरमार्गे येवल्याच्या मुक्तिभूमीवर जायचे त्यांनी ठरवले आहे. मुलगी चालवणार, आप्पा मागे बसणार. जाण्याआधी चेनचा ताण, टायरची हवा आणि तेलाची पातळी पाहायची, असे आईने वहीत लिहून ठेवले आहे.