दरबार आणि किताब : तंजावूरच्या राजसन्मानांचा मागोवा

राजाने परक्या मुत्सद्याचा गौरव करावा ही चाल पुरातन आहे. वस्त्रे, शिरपेच, पालखी आणि इनाम ही तिची आपल्याकडील रूपे, तर पदक, फीत आणि ‘सर’ ही उपाधी ही इंग्रजांकडील. परंतु एकाच नगराने हा व्यवहार आधी देणारा म्हणून आणि मागाहून घेणारा म्हणून, असा दोन्ही बाजूंनी अनुभवावा, असा योग कावेरीकाठच्या मराठी तंजावूरच्या वाट्याला आला.

देण्याची बाजू शिवगंगा तलावाजवळच्या जुन्या चर्चमध्ये आजही पाहावयास मिळते. जॉन फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराने घडविलेल्या तेथील संगमरवरी शिल्पात मृत्युशय्येवरील पाद्री श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेऊन उभे असलेले सरफोजीराजे दिसतात. श्वार्ट्झ हे जर्मन धर्मोपदेशक खरे. पण 1779 साली मद्रास सरकारने हैदरअलीकडे बोलणी करण्यास त्यांनाच धाडले होते, आणि तंजावूरच्या तुळजाजी महाराजांनी 1787 मध्ये अंतकाळी दत्तक घेतलेल्या अल्पवयीन सरफोजींचा सांभाळही त्यांच्याच हवाली केला होता. पुढे गादीचा तंटा उभा राहिला, तेव्हा या बालकाचा कैवार त्यांनी अखेरपर्यंत घेतला. मात्र 1798 च्या फेब्रुवारीत ते निवर्तले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले, ते पाहणे काही त्यांच्या नशिबी नव्हते. राजांनी हे स्मारक स्वतःहून करविले, थडग्यावरील इंग्रजी पद्यही स्वतःच रचले. आणि तरीही ते स्वधर्मी राहिले, इतकेच नव्हे तर 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून त्यांनी आपल्या वंशाची ग्वाही दगडावर नोंदविली. परक्याचे उपकार स्मरावे आणि आपले आपलेपण सोडू नये, असा हा सन्मान होता.

मात्र देणाऱ्याचे हात तोवर बांधले गेले होते. 1799 च्या तहाने मुलुखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, सालीना एक लाख पागोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. 1855 साली दुसरे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून वारले, तेव्हा राज्यच खालसा झाले.

राज्य संपले, परंतु त्याच्या आश्रयाने वाढलेली कारभारी घराणी संपली नाहीत. कुंभकोणम येथे 1828 साली जन्मलेले माधवराव हे अशाच देशस्थ घराण्यातले. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण झालेले. माधवराव तेथे राजपुत्रांचे शिक्षक म्हणून गेले आणि वयाची तिशी गाठता गाठता दिवाण झाले. खजिना कर्जात बुडालेला, पगार थकलेले, व्यापार सरकारी मक्त्यांनी जखडलेला, अशी तेव्हाची स्थिती होती. मिऱ्यांचा मक्ता उठवून, जकातीचा जाच कमी करून आणि हिशेब चोख ठेवून त्यांनी काही वर्षांतच राज्य ऋणमुक्त केले. 1866 मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यांना ‘स्टार ऑफ इंडिया’ या मंडळाचे नाइट कमांडर केले आणि ते ‘सर टी. माधवराव’ झाले, नावाआधीचा तो ‘टी’ तंजावूरचा.

हे सन्मानमंडळ मोठ्या धोरणाने बेतलेले होते. 1857 च्या उठावानंतर चारच वर्षांनी, 1861 मध्ये, ते स्थापन झाले. 1866 मध्ये त्याच्या तीन श्रेणी करण्यात आल्या. हिंदू व मुसलमान मानकऱ्यांस खटकू नये म्हणून इतर ब्रिटिश पदकांवर असणारा क्रूस येथे वर्ज्य करण्यात आला होता. संस्थानिकांना आणि त्यांच्या दिवाणांना लंडनच्या सिंहासनाशी निष्ठेच्या धाग्याने बांधावे, हा त्यामागील हेतू उघड होता. माधवराव जन्माने कंपनीच्या मुलुखातले आणि सेवेने एका हिंदू संस्थानचे. अशा पुरुषाचा गौरव करताना राणीचे सरकार त्याच्या धन्याच्या दरबारावरही आपला अधिकार नोंदवीत होते. पुढे इंदूर आणि बडोदे येथेही त्यांनी दिवाणगिरी केली, आणि 1877 मध्ये त्यांना ‘राजा’ हा किताब मिळाला.

म्हणून काय, तो सन्मान पोकळ ठरतो? माझे मत तसे नाही. देणाऱ्याचा हेतू राजकीय असला तरी घेणाऱ्याचे कर्तृत्व अस्सल होते. तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर माधवरावांचा पुतळा आहे, आणि तेथील चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणून ओळखतात. ज्याच्या कारभाराने रयतेचे ओझे हलके झाले, त्याला प्रजेने दिलेला हा मान कोणत्याही फितीहून मोठा आहे.

परंतु या इतिहासाची एकच बाजू आपल्या वाचनात येते. इंग्रजांनी दिलेले किताब इंग्रजी दप्तरांत सहज सापडतात. तंजावूर दरबाराने कोणाला काय दिले, कोणत्या निमित्ताने दिले, हे मात्र सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांच्या रुमालांत बांधलेले आहे. महाराष्ट्रातील तरुण अभ्यासकांनी मोडी शिकावी, तंजावूर गाठावे आणि ते रुमाल सोडावेत, एवढीच या लेखाच्या शेवटी विनंती.