नट, पिन आणि पाच तासांची झोप

हेलिकॉप्टर पडल्याची बातमी आली की पहिला संशय इंजिनावर घेतला जातो. इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळत नाही, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. खाली येताना पात्यांमधून वर घुसणारी हवाच त्यांना फिरती ठेवते. पुरेशी उंची आणि खाली मोकळी जागा असेल, तर वैमानिक ते सुखरूप उतरवू शकतो. या कसबाला ऑटोरोटेशन म्हणतात आणि ते शिकल्यावाचून परवाना मिळत नाही. ज्याला असा उतारा नाही तो बिघाड निराळा : वैमानिकाच्या हातातली दांडी आणि डोक्यावरची पाती यांचा संबंधच तुटणे.

७ डिसेंबर २०११ रोजी लास व्हेगासजवळ नेमके हेच झाले. ‘सनडान्स हेलिकॉप्टर्स’ या सहल कंपनीचे एएस ३५० बी २ जातीचे हेलिकॉप्टर हूव्हर धरण दाखवायला निघाले होते. आत वैमानिक आणि दोन जोडपी. त्यांतले एक भारतातून गेलेले, नुकतेच लग्न झालेले. दुपारी साडेचारच्या सुमारास, ३,५०० फुटांवर सरळ चाललेले ते यंत्र एकाएकी ६०० फूट वर चढले, डावीकडे ९० अंशांत वळले, आणि मग मिनिटाला किमान २,५०० फूट या वेगाने लेक मीडजवळच्या डोंगराळ भागात आदळले. पाचही जण जागीच गेले.

मी इंजिनिअर नाही. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे अहवाल कोणालाही वाचता येतात, आणि नीट, पुन:पुन्हा वाचले तर माझ्यासारख्यालाही समजतात. या अपघाताचा अहवाल २०१३ साली आला. त्यात तपासाचा सारा डोलारा न सापडलेल्या एका वस्तूवर उभा आहे.

ती वस्तू समजण्यासाठी थोडी यंत्ररचना पाहू. वैमानिक दांडी हलवतो ती हालचाल लोखंडी दांड्यांमधून तीन सर्व्होंकडे जाते. सर्व्हो म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा, मनगटाएवढी ताकद शतपट करणारा दट्ट्या. हे सर्व्हो एक तबकडी कलती करतात आणि तबकडी पात्यांचा कोन बदलते. पुढे-मागे झुकण्यासाठी जो सर्व्हो असतो, त्याला वैमानिकाकडून येणारी दांडी एका बोल्टने जोडलेली असते. बोल्टवर वॉशर, त्यावर स्वतःला घट्ट धरून ठेवणारा लॉकिंग नट, आणि नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली स्प्लिट पिन. म्हणजे एकाला एक राखण. नट ढिला झाला तरी पिन त्याला सुटू देणार नाही. पिन विसरली तरी चांगला नट स्वतःच्या पकडीवर टिकेल.

अवशेषांत दांडी सर्व्होपासून सुटलेली सापडली. बोल्ट, वॉशर, नट, पिन यांतले काहीच सापडले नाही. बोल्ट मोडला असता तर त्याचा तुकडा किंवा जोडाच्या भोकावर ओरखडे राहिले असते. बोल्ट अलगद निघून गेला होता. तो अलगद निघायचा तर नट आधी उतरला पाहिजे, आणि नट उतरायचा तर पिन नसली पाहिजे किंवा धड बसवलेली नसली पाहिजे. पण नुसती पिन नसून भागत नाही; नटाची पकडही गेलेली असली पाहिजे. मंडळाने म्हणून दोन्ही गोष्टी कारणात लिहिल्या : झिजलेला नट पुन्हा वापरला, आणि पिन लावली नाही किंवा नीट लावली नाही.

आदल्याच दिवशी या हेलिकॉप्टरची १०० तासांची तपासणी झाली होती आणि त्यात हाच सर्व्हो बदलला होता. सर्व्हो नवा आला. नट जुनाच परत लागला. आपल्याकडच्या कोणत्याही गॅरेजात पाहा, काढलेले नट-बोल्ट तेलकट डब्यात पडतात आणि तिथूनच परत जागेवर जातात. स्कूटरच्या मडगार्डला ते चालून जाते. विमानविद्येतही लॉकिंग नट पुन्हा वापरायला सरसकट बंदी नाही. नियम इतकाच की तो नुसत्या बोटांनी फिरत गेला तर फेकून द्यायचा. ही परीक्षा करायला दोन क्षण लागतात. अपघातानंतर कंपनीच्या इतर हेलिकॉप्टरांवरचे नट काढून तपासले, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत पकड उरलेलीच नव्हती. मला हा तपशील अपघाताहून अधिक भयंकर वाटतो. त्या यंत्रांमधून माणसे रोज हिंडून येत होती. तिथे पिनेने वेळ निभावून नेली होती, इतकेच.

आता मेकॅनिककडे वळू. त्याची नेहमीची पाळी दुपारी बाराची. त्या दिवशी त्याची खरे तर सुट्टी होती. आदल्या दिवशी निरोप आला आणि पहाटे सहाच्या आत त्याला हजर व्हावे लागले. रात्री लवकर अंथरुणावर पडला, पण शरीराला ती वेळ झोपेची वाटेना. झोप झाली जेमतेम पाच तास. काम तपासणारा निरीक्षकही पहाटेच आला होता आणि त्याच्या ड्यूटीचे तास बाराच्या वर गेले होते. थकलेल्या माणसाच्या कामावर थकलेल्याच माणसाचे डोळे. शिवाय हाताशी असलेल्या कामाच्या कागदावर ‘नट तपासा’, ‘पिन घाला’, ‘पिन पाहिली’ अशा वेगवेगळ्या पायऱ्या आणि त्यांपुढे सहीची जागा नव्हती. मंडळाने थकवा आणि हा अपुरा कागद, दोन्हींना अपघाताला हातभार लावणारी कारणे मानले. देखभाल करणाऱ्यांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा हवी, अशी शिफारसही केली.

नटाचा दुसरा एक प्रसंग समुद्रावरचा आहे. जुहूहून बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर हेलिकॉप्टरने जाणे-येणे मुंबईकरांच्या परिचयाचे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडलाही तसेच चालते. १२ मार्च २००९ रोजी तिथले एस-९२ हेलिकॉप्टर १८ जणांना घेऊन निघाले. मुख्य गिअरबॉक्सच्या तेलगाळणीची वाटी टायटॅनियमच्या तीन स्टडांवर बसवलेली होती. त्यांतले दोन तुटले, तेल वाहून गेले, आणि पहिल्या इशाऱ्यानंतर सुमारे ११ मिनिटांत हेलिकॉप्टर समुद्रावर आदळले. एक जण वाचला.

इथे कोणी काही लावायला विसरले नव्हते. गाळणी बदलण्यासाठी नट पुन:पुन्हा काढले-घातले जात. जुनेच नट पुन्हा वापरले गेले, आणि टायटॅनियमचे आटे घासून खरवडत गेले. जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रूमजवळ असेच स्टड तुटले होते. ते हेलिकॉप्टर सुदैवाने उतरले. त्यानंतर स्टड बारकाईने तपासण्याची पद्धत पुस्तिकेत घातली गेली, पण कॅनडाच्या तपासात दिसले की वाहतूक कंपनीने ती नीट अंमलात आणली नव्हती. २८ जानेवारी २००९ ला उत्पादकाने कळवले होते की हे स्टड पोलादी करून घ्या. मुदत १,२५० उड्डाणतास किंवा एक वर्ष. अपघात झाला तेव्हा त्या मुदतीतले सहा आठवडे संपले होते. २३ मार्चला, अपघातानंतर ११ दिवसांनी, अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने तातडीचा आदेश काढला : पोलादी स्टड बसवल्याशिवाय एकही एस-९२ उडवू नये.